गेटबाहेरचे गाणे

नवे सत्र तोंडावर आले की विद्यापीठातला प्रत्येक विभाग आपापल्या कार्यक्रमांची यादी काढतो. कुणाचे चर्चासत्र, कुणाची कार्यशाळा, कुणाची व्याख्यानमाला. संगीत विभागाने काय करावे, यावर आज आम्ही लिहिणार आहोत. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपले तरी हातात पडत नाही, वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या पडल्या आहेत, आणि तुम्हाला गाणे-बजावणे कसे सुचते, असे कुणी विचारील. विचारावेच. पण ज्या समाजाची चळवळ निम्मी भाषणाने आणि निम्मी गाण्याने उभी राहिली, त्या समाजाने विद्यापीठातल्या संगीताचा प्रश्न 'तो त्यांचा' म्हणून सोडून द्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

परदेशातल्या कितीतरी विद्यापीठांत संगीत विभाग दर सत्राच्या आरंभी दुपारच्या मैफलींचे वेळापत्रक जाहीर करतो. जेवणाच्या सुट्टीत पाऊण-एक तासाचे गायन किंवा वादन, बहुतेक ठिकाणी फुकट. ना दीपप्रज्वलन, ना शाल-श्रीफळ. विद्यार्थी गातात, शिक्षक गातात, बाहेरचे कलावंत येतात. आमची मागणी साधी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने येत्या सत्रापासून अशा दुपारच्या मैफली नियमाने भरवाव्यात आणि त्यातली पहिली दुपार आंबेडकरी गाण्याला द्यावी. जयंतीचा कार्यक्रम म्हणून नव्हे, लोककला म्हणूनही नव्हे. संगीत म्हणून द्यावी.

दुपारच का, ते आधी सांगतो. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले टेंभुर्णी घ्या. तिथली एखादी मुलगी शिकायला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येऊन राहिली आहे, किंवा जालन्याच्या कॉलेजात जाऊन-येऊन शिकते आहे, असे समजा. शहरातली मैफल संध्याकाळी सातची म्हणून छापलेली असते. साडेसातला पाहुणे येतात, आठपर्यंत सत्कार चालतात, प्रास्ताविक करणारे गृहस्थ माईक सोडत नाहीत. गाणे रंगात येते तेव्हा वसतिगृहाचे दार बंद झालेले असते आणि गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याचे घर शहरात आहे आणि रात्री उशिरा घरी आल्यावर ज्याला कुणी जाब विचारत नाही, त्याच्यासाठीच ही कला राखून ठेवलेली आहे. 'सर्वांना मुक्त प्रवेश' असे पत्रिकेवर लिहिले म्हणून प्रवेश मुक्त होत नाही. घड्याळसुद्धा माणसाला दाराबाहेर ठेवते. दुपारी दीड वाजता गाणे झाले तर ही पोर तास बुडवून का होईना ऐकील आणि अंधाराच्या आत घरी पोहोचेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बॉम्बच्या भीतीने लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे वेल्सकडे हलवली होती. त्या उघड्या भिंतींच्या इमारतीत मायरा हेस या पियानोवादक बाईंनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. एप्रिल १९४६ पर्यंत जवळजवळ सतराशे मैफली झाल्या. रात्री शहरात दिवाबंदी होती, म्हणून गाणे दुपारी आणावे लागले. आणि ते दुपारी आणल्यावर एरवी महागड्या सभागृहाची पायरी न चढणारी माणसे रांगा लावून आली. आमच्या खेड्यातल्या पोरींना दिवाबंदी रोजचीच आहे.

संगीताच्या शिक्षकांनाही दुपार हवीच असणार. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी, पटदीप हे राग दिवसाचे. पण मैफली रात्रीच्या, म्हणून विद्यार्थ्याला ते वर्गाबाहेर फारसे कानी पडत नाहीत. तेही गा. आम्ही रागसंगीताचे वैरी नाही. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. सूर ही कुणाच्या बापजाद्यांची इस्टेट नाही हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पण दुपार फक्त रागांच्या वेळेसाठी उघडणार आणि माणसांसाठी नाही, असे होता कामा नये.

आता गेटाकडे येऊ. दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर मराठवाड्यातून लोक लोटतात. शहिदांना अभिवादन होते, पुस्तकांचे गाळे लागतात, पक्षांचे आणि संघटनांचे मंच उभे राहतात आणि प्रत्येक मंचावर गाणे असते. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी, आता ऑक्टोपॅड. घसा बसेपर्यंत गायक गातात. त्याच आवारात आत संगीत शिकवले जाते. दोन्हींमध्ये अंतर किती? चालत गेले तर काही मिनिटांचे. बाकी हिशेब करायचा तर १९७८ पासूनचा करावा लागेल.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. नांदेड जिल्ह्यातही एक टेंभुर्णी आहे. तिथे ऑगस्ट १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांना जाळून मारले. पोचिराम मातंग होते. नामांतर ही फक्त बौद्धांची लढाई आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांच्या मरणाने उत्तर दिले आहे. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तो बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला आणि लाठ्या चालवल्या. ही खडकपूर्णा म्हणजे आपली पूर्णाच. जाफराबादला खेळणा नदी पोटात घेऊन ती बुलढाण्यात शिरते. म्हणजे जालन्याच्या टेंभुर्णीकरांना नामांतर कुठे दूर घडले असे म्हणण्याची सोय नाही. एका टेंभुर्णीत माणूस जळाला, आणि दुसऱ्या टेंभुर्णीच्या मुलखातून वाहणाऱ्या नदीवर मार्च अडवला गेला. १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंतची सोळा वर्षे माणसे काय घेऊन चालत होती? निळा झेंडा, भाकरीचे गाठोडे आणि गाणे. पत्रके वाचता न येणाऱ्या वस्तीत नामांतराचा मुद्दा गाण्याने पोहोचवला. हे विद्यापीठ ज्या नावाने ओळखले जाते ते नाव त्याला गाणाऱ्यांनीही मिळवून दिले आहे.

अमेरिकेत नॅशव्हिलला फिस्क नावाचे विद्यापीठ आहे. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या शिक्षणासाठी ते निघाले आणि पाच वर्षांत दिवाळखोरीच्या काठावर आले. तेव्हा १८७१ मध्ये तिथल्या मोजक्या विद्यार्थ्यांचा जथा गाण्याचे कार्यक्रम करीत बाहेर पडला. गुलामीत आयाबायांनी गायलेली भजने त्यांनी गोऱ्या श्रोत्यांसमोर गायली, समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये गायली आणि मिळालेल्या पैशातून विद्यापीठाची इमारत बांधली. ज्युबिली हॉल ही ती इमारत. फिस्कने ते गाणे गेटबाहेर ठेवले नाही. 'ज्युबिली सिंगर्स' हा त्या विद्यापीठाचा मान आहे आणि आजही तिथले विद्यार्थी त्यात गातात. आमच्या गायकांनी इमारत नाही, नाव मिळवून दिले. त्यांना आत एक दुपार मिळू नये?

यावर ठरलेले उत्तर येईल की अहो, आंबेडकरी शाहिरीवर प्रबंध झाले आहेत. झाले आहेत, आणि चांगले झाले आहेत. डॉ. कृष्णा किरवले यांचे 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हे पुस्तक अभ्यासकांना ठाऊक आहे. भीमराव कर्डकांनी आपल्या जलशांची हकीकत स्वतः लिहून ठेवली. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. हे सगळे मोलाचेच. पण नीट पाहा, अभ्यास बहुतेक शब्दांचा झाला. शब्द मराठी विभागात गेले, आशय समाजशास्त्रात गेला, आणि चाल? चाल कुठेच गेली नाही. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ध्रुवपद पुन्हा कुठे पकडायचे, कोरस कुठे उचलून घेतो, ढोलकी कुठे थांबते आणि थांबल्यावर शब्द कसा उघडा पडतो, याचे स्वरलेखन करून एखादा विद्यार्थी परीक्षेला बसला आहे काय? निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात, खुलताबादच्या दर्ग्यांच्या शेजारी, कव्वालीचा सामना भीमगीतात कसा शिरला, हा संगीताच्या अभ्यासकाने सोडवायचा प्रश्न आहे. मराठी विभाग तो सोडवू शकत नाही.

इथे नाके मुरडणारे म्हणतात, यांच्या चाली सिनेमाच्या. असतील. बऱ्याच आहेत. गिरणीच्या पाळीवरून आलेल्या माणसाला एका ऐकण्यात पाठ व्हावे म्हणून त्याच्या तोंडी असलेलीच चाल घ्यायची, हा विचार करून घेतलेला निर्णय आहे. आणि उसनी चाल हा गुन्हा असेल तर मराठी संगीत नाटकाला आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. किर्लोस्करांच्या नाटकांत कानडी चाली आल्या, लावणीच्या आल्या. १९११ च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बैठकीतल्या चिजांवर पदे बांधली. कोठीवरचे गाणे गंधर्वांच्या मुखातून आले की ते नाट्यसंगीत झाले, त्याचे वर्ग निघाले, परीक्षा निघाल्या. नाक्यावरच्या रेडिओतली चाल वामनदादांनी घेतली की ती नक्कल झाली. फरक सुरात नाही, घेणाऱ्या हातात आहे. हात कुणाचा आहे ते पाहून नियम बदलणे आम्हाला नवे नाही. पाण्याच्या बाबतीत तो नियम महाडला मोडला, सुरांच्या बाबतीत तो अजून मोडायचा आहे.

'लोककला म्हणून नको' असे आम्ही वर म्हटले. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण आपल्यातलेच पुष्कळ कलावंत लोककलेच्या खिडकीतून का होईना आत शिरायला मिळते म्हणून खूश होतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवाची यादी काढून पाहा. शास्त्रीय गायन, शास्त्रीय वादन, सुगम गायन, समूहगान, लोकवाद्यवृंद, लोकनृत्य, पाश्चात्त्य गायनसुद्धा. भीमगीत गाणाऱ्या पोराने कुठल्या रकान्यात नाव लिहायचे? सुगममध्ये लिहिले तर परीक्षक भावगीताच्या मापाने मोजतो. लोकसंगीतात लिहिले तर 'हे परंपरागत नाही' म्हणून गुण कापतो. आणि परीक्षक एका अर्थी बरोबरच बोलतो! जलसा परंपरागत नाहीच. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला देव काढून माणूस बसवला. त्यांच्यामागून आंबेडकरी जलसेकारांनी गण, बतावणी, फार्स सगळे ठेवून विषय बदलले. महारवतन, पाणवठा, काळाराम मंदिर, सावकारी, मुलांची शाळा हे विषय आणले. याला लेखक आहे, तारीख आहे, कार्यक्रम आहे. कुणा अनाम समूहाच्या तोंडून हे आपोआप उगवलेले नाही. त्याला 'लोक' म्हणून टाकणे म्हणजे त्याच्या कर्त्याचे नाव पुसणे. आमच्या माणसाची कला अनाम आणि त्यांच्या माणसाची कला घराण्यासकट, ही वाटणी आम्ही का मान्य करावी?

अमेरिकेत जॅझची पदवी देणारे पहिले महाविद्यालय म्हणून नॉर्थ टेक्सासचे नाव घेतात. साल १९४७. पण 'जॅझ' हा शब्द तिथल्या सभ्य मंडळींना सोसेना, म्हणून अभ्यासक्रमाचे नाव ठेवले 'डान्स बँड'. काळ्या माणसाचे संगीत आत घेतले, त्याचे नाव बाहेर ठेवले. आमच्याकडे भीमगीताला 'प्रबोधनपर गीत', 'समाजगीत' अशी सोवळी नावे दिली जातात, त्यातला प्रकार हाच. भीमगीताला भीमगीत म्हणा.

हलगीचा प्रश्न मात्र एवढा सोपा नाही, आणि तो टाळूनही चालणार नाही. लोकवाद्यवृंदात हलगी कडाडली की सभागृह डोक्यावर घेते. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असते काय, की हीच हलगी गावात वाजवणे ही पिढ्यान् पिढ्या सक्ती होती? लग्नात, मिरवणुकीत, पोळ्याला, मयताला वाजवायचे, आणि बदल्यात शिळेपाके घ्यायचे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर कित्येक गावांतल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसेच वाजवणेही सोडले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. त्यांच्या नातवाला आज विद्यापीठ म्हणते, तुझे पारंपरिक वाद्य आण, बक्षीस देतो. नातवाने आणावे की नाही? आमच्यात यावर एकमत नाही आणि ते व्हावे असेही नाही. आमच्या मते त्याला आणायची असेल तर त्याने आणावी, ती त्याच्या हातात शोभते. पण निवेदकाने त्याचे नाव घ्यावे, तो ज्याच्याकडून शिकला त्याचे नाव घ्यावे, त्याला तबलजीइतकेच मानधन द्यावे. आणि एखादा म्हणाला की मी हलगी वाजवणार नाही, मला सतार शिकायची आहे, तर त्याला सतार मिळावी. वाद्य निवडता येणे हीच खरी गोष्ट आहे. सतार विकत कोण देणार, हा पुढचा प्रश्न. विभागाने ती सरावासाठी द्यावी.

मैफलीसोबत ध्वनिमुद्रण झाले पाहिजे, हा आग्रह आम्ही सर्वांत जोराने धरतो. २००४ साली वामनदादा गेले आणि त्याच वर्षी प्रल्हाद शिंदे गेले. २०१० मध्ये विठ्ठल उमप गेले. त्याआधी, जुलै १९९७ मध्ये, रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. हे नावाजलेले. तालुक्या-तालुक्यात जे गायक होते, ज्यांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ल्या, ज्यांच्या कॅसेटींना बुरशी चढली, त्यांची मोजदाद कुणी केली? जात्यावरच्या ओव्यांचे काम पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी १९९६ मध्ये म्हटलेल्या भीमाच्या ओव्या आहेत. आज त्या 'पारी'च्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. माजलगाव या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. मुद्रणयंत्र मात्र पुण्याहून आले.

थोडे आपल्या माणसांविषयीही बोलले पाहिजे. विद्यापीठाला दोष देऊन आपले हात झटकता येत नाहीत. १४ एप्रिलला वस्तीत डीजेची भिंत उभी करायला वर्गणी जमते आणि गायकाच्या पार्टीला द्यायच्या वेळी तिजोरी रिकामी होते. मंडपवाल्याचे पैसे आधी, जनरेटरवाल्याचे आधी, आचाऱ्याचे आधी. पेटीवाल्याला सांगतात, 'दादा, समाजाचे काम आहे.' समाजाचे काम आहे म्हणून त्याने अर्धपोटी गात राहायचे, ही बलुतेदारीचीच दुसरी आवृत्ती आहे. आणि गाणे चालू असताना मंचावर पुढाऱ्याचे आगमन झाले की कडवे मध्येच तोडून घोषणा द्यायची, ही तर आपल्या सभांची रीतच पडली आहे. शांत बसून पाऊण तास भीमगीत ऐकण्याची सवय आपल्यालाही नाही. दुपारची मैफल ती सवय लावील. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले तेव्हा नागसेनवनात ही शिस्त होती. ती परत आणता येते.

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांचे आहे. चारही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे शुल्क विद्यापीठाकडे येते. तेव्हा सगळ्या दुपारी विद्यापीठाच्या आवारातच का घालवायच्या? सत्रातली एक दुपार धाराशिवच्या उपकेंद्रात व्हावी, एक बीडला, एक जालन्याला. आणि एक टेंभुर्णीसारख्या गावात, शाळेच्या पटांगणात किंवा विहारात. विभागाच्या विद्यार्थ्यांनी तिथे भीमपलास गावा, समजावून सांगावा; मग गावच्या गायन पार्टीने गावे आणि विद्यार्थ्यांनी खाली सतरंजीवर बसून ते लिहून घ्यावे. कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी याचा घोळ झाला तर होऊ द्यावा.

खर्च फार नाही. दोन माईक, एक मुद्रणयंत्र, प्रवासभत्ता आणि कलावंतांचे मानधन. मानधन त्याच दिवशी, धनादेशाने किंवा खात्यावर, 'पाकीट' नको. पाहुण्यांचे हार-तुरे वगळले तर त्यातूनच निम्मे पैसे निघतील. सिनेट आणि व्यवस्थापन परिषदेत आपल्या विचारांची माणसे निवडून जातात. त्यांनी हा विषय लेखी मांडावा, आणि मांडताना वेळ आवर्जून लिहावी, दुपारी दीड ते सव्वादोन. वेळ मोघम ठेवली तर ती सरकत सरकत संध्याकाळी सातवर जाईल, आणि टेंभुर्णीची गाडी तोवर निघून गेलेली असेल.